बस्त्यावबरोबर बर्फावर एक दिवस

एकाच बोटीवर वसईची तीन माणसं असली की किस्से साचतात. त्यात एक बढाईखोर असला, तर साठवायला जागा पुरत नाही. आमच्यात तो बस्त्याव होता.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. मी आणि सांडोरचा पास्कोल बॉयलरवर कोळसा टाकायचो. बस्त्याव कप्तानाचा बटलर. पार दक्षिणेला एका बर्फाळ बेटावर देवमासे कापायचं ठाणं होतं, तिथे माल उतरवायला गेलो. एक दिवस सुट्टी मिळाली. बस्त्याव म्हणाला, "माझ्या मागे या. मी जग पाहिलंय." आणि लग्नातला कोट चढवून, बोटीवरचा दोर खांद्यावर टाकून निघाला.

•

किनाऱ्यावर पेंग्विनांची जत्रा. बस्त्याव म्हणाला, "बदकं आहेत. लंडनला ढिगानं बघितलीत." अंडं उचलायला वाकला, तर एकाने नडगीवर अशी चोच हाणली की लंगडतच परतला.

"आजारी बदक आहे," म्हणाला. "अंडं खाण्यालायक नसणार."

•

पुढे एक भलाथोरला सील आडवा पडला होता. "मेलाय," बस्त्यावने निदान केलं आणि छत्रीने ढोसलं. बर्फात छत्री आणणारा हा जगात एकटाच! मेलेल्याने डोळा उघडला, ढेकर दिली आणि छत्री तोंडात धरली. बस्त्याव धावत आमच्या मागे येऊन उभा राहिला.

"मागून कोणी येऊ नये म्हणून थांबलोय."

•

जेवायला बसलो, तर घारीएवढ्या एका करड्या पक्ष्याने त्याच्या हातातला पाव पळवला. पास्कोल म्हणाला, "वाढायचीच नोकरी तुझी. वाढ."

•

परतताना धुकं उतरलं. पास्कोलच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो भेगेत छातीपर्यंत गेला. खाली पाय टेकेनात.

"दोर दे," मी बस्त्यावला म्हणालो.

"जड होता. किनाऱ्यावरच ठेवला."

मी त्याचा कोट अंगावरून ओरबाडला आणि एक बाही पास्कोलकडे टाकली. "शिवण उसवेल," बस्त्याव म्हणाला. उसवलीच, पण पास्कोल वर आला. ओठ निळे पडले होते.

•

वसईला परतल्यावर, चर्चमधली मिसा सुटल्यावर देवळाबाहेर बस्त्याव लोकांना सांगत होता, स्वतःचा कोट काढून पास्कोलला आपण कसं वाचवलं. पास्कोल शेजारीच होता. त्याची आई ऐकून रडत होती. तिच्यासमोर तो काय बोलणार? दुसऱ्या दिवशी म्हातारीने वाडीतला केळ्यांचा अख्खा लोंगर बस्त्यावच्या घरी पोचवला.

मी तडक त्याच्याकडे गेलो. ओटीवर बसून तो केळं सोलत होता. त्याने चार केळी तोडून माझ्यापुढे धरली.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना," तो म्हणाला. "म्हणून तर चार देतोय."