आधी बोलतो, मग चहा

ते चहाचा ग्लास पॅकिंगच्या टेबलावर ठेवायचे, स्टुलावरून उठायचे, हात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी बोलतो, मग चहा." मग आम्ही सगळे आपापले ग्लास हातात धरून थांबायचो.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका लहानशा युनिटमध्ये ते लेथवर होते आणि मी डिस्पॅचला. पॅकिंग मशीनचे सुटे भाग तिथं बनायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना ते फारसं पसंत नव्हतं. गावात सगळे दादा म्हणतात, चाचा मी अंधेरीला उतरल्यावर झालो, असं ते सांगायचे. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं, राहायला जोगेश्वरीला. आमचा फोरमन परब मालवणकडचा. कोणाच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, जास्त गोड, यावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपलेली असायची. डबे उघडले की आधी भांडण, मग जेवण. भांडता भांडता परब त्यांच्या डब्यातलं कालवण संपवायचा.

हे 'बोलणं' काय होतं ते सांगतो. एका संध्याकाळी शहरात बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला सगळे जमले, पण तोंड कोणी उघडेना. चाचांकडे कोणी बघत नव्हतं, आणि कोणी बघत नाही हेच जास्त दिसत होतं. तेव्हा ते पहिल्यांदा उठले. म्हणाले, "वाईट झालं. फार वाईट झालं. ज्यांनी हे केलं त्यांना ना इथं जागा मिळो, ना वर." एवढं बोलून बसले. परबने किटली पुढे सरकवली, कोणीतरी रिक्षावाल्यांचा विषय काढला आणि चहा सुरू झाला.

त्यांना बोला असं कोणीही म्हटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. पण पुढच्या वेळी ते पुन्हा उठले आणि त्याच्या पुढच्या वेळी ते उठणारच हे आम्ही गृहीत धरलं. काश्मीरमध्ये काही झालं की उठायचे. परदेशातल्या कुठल्या शहरात कोणी गर्दीत ट्रक घातला तरी उठायचे. एकदा तर सगळं बोलून झाल्यावर बसता बसता त्यांनी परबला हळूच विचारलं, "हे गाव आलं कुठं रे?" परबलाही माहीत नव्हतं. तुमच्याही ऑफिसात अशा काही रीती असतील. कोणी घातली ते आठवत नाही, मोडायची कोणी हेही कळत नाही.

एकदा डेंग्यूने ते चांगलेच आडवे झाले होते. परत आले तेव्हा गालफडं बसलेली आणि दाढी वाढलेली. परब सहज म्हणाला, "काय चाचा, दाढी राखताय वाटतं?" त्यात वाकडं काही नव्हतं असं परब आजही म्हणतो, आणि मला ते पटतं. दुसऱ्या दिवशी चाचा तुळतुळीत दाढी करून आले. हातात अजून जोर नसावा, कारण हनुवटीखाली ब्लेड लागलेलं दिसत होतं. विचारलं तर म्हणाले, उकाडा फार होतोय.

मग ती सकाळ. मशीन सुरू व्हायच्या होत्या. चाचा धापा टाकत आले ते शटरमधूनच सुरू झाले. चहा नाही, स्टूल नाही, हात पुसणं नाही. नेहमीची वाक्यं तर झालीच, शिवाय निरपराध माणसं, माणुसकीला काळिमा असं टीव्हीवर ऐकलेलं बरंच काही त्यांनी त्यात घातलं. आम्ही बघतच राहिलो. शेवटी परब म्हणाला, "अहो चाचा, कोपऱ्यावरच्या वडेवाल्याचा सिलिंडर फुटला."

झालं असं होतं की येताना बसमध्ये त्यांनी कोणालातरी फोनवर बोलताना ऐकलं, मरोळला स्फोट झाला म्हणून. खरोखर झालाच होता. वडेवाला नेमका पाणी आणायला गेला होता म्हणून वाचला. गाडीवरचा पत्रा उडून आमच्या इस्टेटच्या भिंतीवर जाऊन बसला आणि बटाटे रस्ताभर झाले. आम्ही हसलो, पोट दुखेपर्यंत हसलो. आमचे शेठ केबिनमधून बाहेर आले, त्यांनाही सांगितलं, तेही हसले. आणि चाचासुद्धा हसले. पुढे बरेच दिवस युनिटमध्ये ट्यूब गेली की कोणीतरी ओरडायचं, "चाचा, निषेध!" मग चाचा लेथ थांबवून उठायचे, ट्यूबकडे बघून मान हलवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

पण त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघं नळावर हात धूत होतो. हाताचं तेल लवकर निघत नाही, त्यामुळे नळावर बोलणं होतं.

"तुला सांगतो," ते म्हणाले, "मरोळला स्फोट म्हटल्यावर पहिलं मनात काय यायला पाहिजे? आपल्या युनिटला काही झालं नाही ना. परब लवकर येतो, तू लवकर येतोस. पण ते आलंच नाही रे. आज काय बोलायचं, तेच आलं. अख्खा रस्ता मी वाक्यं जुळवत होतो."

मी म्हटलं, चाचा, एवढं काय त्यात.

"एवढंच," ते म्हणाले. "एकदा फक्त असं व्हायला पाहिजे. पेपरात वाईट बातमी आहे, आणि मी बसून चहा प्यायलो. तुमच्यासारखा. बसून."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. हे मी परबला सांगितलं. परब तोंडाने फटकळ, टीव्हीवरच्या बातम्या ऐकून सगळ्या जगाला शिव्या देणारा माणूस.  पण हे ऐकून नुसतं "बघतो" म्हणाला.

पुढची बातमी यायला फार दिवस लागले नाहीत. त्या सकाळी परबने चहा स्वतः ओतला. पहिला ग्लास चाचांच्या हातात दिला आणि खांद्यावर हात ठेवून त्यांना खालीच दाबलं. म्हणाला, "बसा. आज कोणी काय बोलायचं नाय. चाय गरम आहे, प्या." चाचांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि ते बसले. एक घोट घेतला. परबने तिसऱ्यांचा विषय काढला, तोही मुद्दाम त्यांच्या खाडीला नावं ठेवून. चाचा उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले.

शेठ एरवी चहाच्या वेळी बाहेर येत नसत. माणूस वाईट नव्हता. चाचांना डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलात जाऊन आले होते. ते टेबलापाशी उभे राहिले. सगळं ठीक ना, म्हणून विचारलं. ठीक आहे, परब म्हणाला. तरी शेठ जाईनात. त्यांची नजर आमच्यावरून फिरत फिरत चाचांवर आली आणि तिथंच थांबली. रागाची नव्हती ती नजर, नुसती वाट बघणारी होती.

चाचांनी ग्लास टेबलावर ठेवला. उठले. हात पँटला पुसले. "वाईट झालं," ते म्हणाले, "फार वाईट झालं." शेवटपर्यंत म्हणाले. शेठनी मान डोलावली आणि ते आत गेले. परब मग दिवसभर कोणाशी धड बोलला नाही, आणि चाचांचा तो चहा तसाच राहिला.

त्यानंतर परबने पुन्हा प्रयत्न केला नाही. चाचा रिटायर होईपर्यंत रीत चालू राहिली. मग ते बायकोला घेऊन गावी गेले. भंगारातल्या पाइपांचं त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेलं स्टूल अजून युनिटमध्ये आहे. त्यावर आता चहाची किटली ठेवतात. अधूनमधून वाईट बातमी येतेच. त्या सकाळी चहाला आम्ही जरा घुटमळतो, मग कोणीतरी किटली उचलतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परबने सांगितलं, म्हणून मी रविवारी सकाळी फोन लावला. मी अजून पेपर उघडला नव्हता, टीव्ही लावला नव्हता. बरीच रिंग गेली. मग त्यांनी उचलला, माझं नाव बघून उचलला असणार, कारण हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत.

"वाईट झालं रे," ते म्हणाले. "फार वाईट झालं. ज्यांनी हे केलं त्यांना ना इथं जागा मिळो, ना वर."

काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं.  मी म्हटलं, "चाचा, डोळा कसा आहे? डोळ्यासाठी फोन केला."



"डोळ्यासाठी केलास?"

"हो."

"मग थांब," ते म्हणाले. "बसतो जरा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी आत हाक मारून बायकोला चहा टाकायला सांगितलं.