परसातला उंच दिवा

राहीबाईला हवा होता कंदील. वीतभर खुंटीवर, वाफ्याच्या कडेला. त्या दुष्काळात शिवार करपलं होतं, पण न्हाणीच्या सांडपाण्यावर तिनं परसात मेथी आणि दोडक्याचा वेल जगवला होता. ओल तेवढीच, म्हणून गावातले बेडूक तिथंच. आणि बेडकामागं कोण येतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिवे लागल्यावर मात्र त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘जनावर’ म्हणायचं. नाव घेतलं की ते अंगावर येतं म्हणे! शहाण्यांचा गाव!

नवऱ्याला, रखमाजीला, धास्ती वेगळ्याच जनावराची. चाऱ्यावाचून लोकांनी ढोरं मोकळी सोडली होती, आणि हिरवं दिसलं की ती कुडाचं कुंपण मोडून आत घुसायची. घरात नवी वीज आलेली. त्यानं वायरमन मच्छिंद्रला बोलावून उंच बांबूवर बल्ब ठोकायला लावला.

“अवं, उजेड खाली पायजे. पायाखालचं दिसाया नको?” राहीबाई म्हणाली.

“मुंग्या मोजायच्यात का तुला?” रखमाजी हसला.

मच्छिंद्र बांबूवरूनच म्हणाला, “वैनी, सरकारनं वीज दिली अन् तुमी कंदील मागता! लोक हसतील.”

लोक हसतील. झालं, कंदील आढ्यालाच राहिला. बल्ब लागला, कूड झळाळला, आणि वेलाखाली पानांची सावली पडली ती काळी शाई.

आठवडाही गेला नसेल. दिवेलागणीला ती मेथी खुडायला गेली. वेलाखाली काहीतरी सरपटलं, कुकरच्या शिट्टीसारखं फुसफुसलं. ती किंचाळली, “अवं, जनावर शिरलं!”

रखमाजीला वाटलं, कुणाची गाय. काठी घेऊन अनवाणीच धावला. “हुर्र! हाईक!” करत थेट वेलात. ती “अवं, तसलं न्हाई, तसलं न्हाई!” ओरडतेय, तोवर रखमाजी घोटा धरून खाली बसला होता.

बैलगाडीनं कर्जत गाठेतो पाय मांडीपर्यंत सुजला. डॉक्टरनं दार उघडलं.

“काय चावलं?”

“जनावर.”

“कसलं जनावर? बाई, नाव सांग!”

रात्रीची वेळ, राहीबाईची जीभ उचलेना. मग रखमाजीच्या हिरड्यांतून रक्त येताना दिसलं आणि ती उघडच बोलली, “घोणस! घोणस चावली, डाक्टर!”

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. “ती लस माझ्याकडं नाही. नगरला न्या.”

नगर दूर. वाटेत एका चिंचेखाली गाडी थांबवली तेव्हा रखमाजी गेला होता.

तेराव्याला जाऊबाई, केशरबाई, सगळ्यांदेखत बोलली, “रातीचं नाव घेतलंस, तिथंच घात झाला. न्हाईतर वाचला असता.”

एकालाही उंच बल्ब आठवला नाही. एकानंही विचारलं नाही, की परसातच नाव घेतलं असतं तर?

राहीबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, “व्हय. माझंच चुकलं.”

आणि तिला ते खरंच पटलेलं होतं.