तांब्यातलं पाणी

आमच्या यांचं नाव मी जन्मात घेतलं नाही, तेव्हा इथंही घेत नाही.

स्वातंत्र्याला तीनएक वर्षं झाली असतील. हे आसामच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर होते. तिथं मोठा भूकंप झाला. कोसन् कोस माणूस नाही असा मुलूख, त्यामुळे खबर यायलाच दीड महिना लागला, आणि खबरीपाठोपाठ हेच आले. बरोबरचा जोडीदार गेला, एवढंच सांगितलं. मी रडले नाही की देवापुढे साखर ठेवली नाही. भाकऱ्या थापल्या.

आमचं घर चिंचवडला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. यांनी घरात पाऊल टाकायचंच सोडलं. ओट्यावर घोंगडी, उशाशी काठोकाठ भरलेला तांब्या. त्यातलं पाणी प्यायचे नाहीत, नुसते बघत बसायचे. पाणी हललं की उठून अंगणात.

सासूबाई म्हणायच्या, "आरं, आगगाडी हाय ती! तुला काय बाधाबिधा झालीया का?"

"न्हाई," म्हणायचे आणि परत येऊन बसायचे. बरं झालं, स्टेशनमास्तर घरातच मिळाला, असं मी मनात म्हणायची.

हे तिकडे असताना झालेली मुलगी चार महिन्यांची होती. तिला यांनी एकदाही जवळ घेतलं नव्हतं. तेवढं एक मला हवं होतं. एका दुपारी कसंबसं यांना जेवायला आत बसवलं. पाट मुद्दाम पाळण्याजवळ मांडला. चार घास झाले आणि मालगाडी आली. वाटीतली आमटी हलली. हे भरल्या ताटावरून उठले, पाळण्याला धक्का देऊन बाहेर पळाले. पोर किंचाळली.

तिला घेऊन मी मागोमाग गेले. डोकं फिरलं होतं. "अवं, पोर आत व्हती!"

हे आपल्या हाताकडे बघत होते. बोटांना भात चिकटला होता.

"तो जोडीदार तापानं फणफणला व्हता," म्हणाले. "झोपडीत निजला व्हता. मी पळालो. हाक मारायची ऱ्हायली."

मला काहीच वाटलं नाही. त्याचंच अजून नवल वाटतं. संध्याकाळी पाळणा सोडला आणि अंगणातल्या लिंबाला बांधला.

पुढची गाडी आली, तशी यांनी झोपलेल्या पोरीला नावानं हाक मारली. मग प्रत्येक गाडीला मारत राहिले. पोर झोपमोडीनं किरकिरायची. मी एकदाही गप्प बसा म्हणाले नाही.