जेनीचे सहा बाण

माझा मेहुणा लेरॉय वांता याच्याकडे बाण मागायला आलेला माणूस पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलायचा. प्रश्न साधा असायचा, "धनुष्य किती पौंडांचं ओढतोस?" आमच्या गावचे पुरुष स्वतःचं वजन कमी सांगतात, पगार कमी सांगतात, पण धनुष्याची ओढ मात्र दहा पौंड चढवूनच सांगतात. लेरॉय नुसती मान हलवायचा आणि तळघराच्या भिंतीवरचं धनुष्य काढून पुढे करायचा.

एडमंड ग्लोडोस्कीने एकदा सत्तर सांगितले. ओढताना त्याची मान पुढे आली, गुडघे वाकले आणि तिथेच कपडे वाळत घालणारी माझी थोरली बहीण, म्हणजे लेरॉयची बायको, जेनी फिसकन हसली.

"पंचावन्न," लेरॉय म्हणाला.

"आज खांदा धरलाय रे माझा."

"मग हरणाला सांग तसं. म्हणावं, थांब जरा, खांदा सुटला की येतो. हे बघ एडमंड, बायकोशी खोटं बोल, पाद्रीबाबांशी बोल. बाणाशी बोलू नकोस. भोगायला जनावराला लागतं."

चाळीस वर्षं त्याने बटाट्याच्या गोदामात बटाटे निवडले आणि उरलेल्या वेळात गावासाठी बाण निवडले. माणसाची ओढ किती, हात किती लांब, हे बघून तो बाणाची कांडी कापायचा, छोट्या काट्यावर तोलायचा, बोटावर आडवी धरून तिचा तोल बघायचा. मग पातं. ज्याच्या अंगात जोर त्याला रुंद पातं, नसेल त्याला अरुंद. मग काळ्या शाईने प्रत्येक कांडीवर ज्याचं त्याचं नाव. दुसऱ्याचा बाण उसना मागितलेला त्याला खपायचा नाही. "माझे बूट घालून पळशील का? मग माझा बाण कसा चालेल तुला?" पैसे घ्यायचा नाही. सॉसेज आणा, राईचा पाव आणा, चालेल.

आणि शिकार झाली की बाण न धुता त्याच्याकडे आणायचा, हा आमच्याकडचा नियम. लेरॉय तो उजेडात धरायचा, केस बघायचा, रक्ताचा वास घ्यायचा आणि सांगायचा, फुप्फुसात लागलाय, हरीण जवळच पडलंय, जा. किंवा, पोटात लागलाय, जीव जायला वेळ लागेल, सकाळपर्यंत हलू नका. पोटात म्हणाला की त्या दिवशी तो जेवायचा नाही. मला हे सगळं सोंग वाटायचं, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगायचे. "बर्नी, तू फक्त मटण खा," म्हणायचा.

जुलैत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. बोलणं म्हणजे एक शब्द सोडून सगळं. पाणी हवं असो, उशी हवी असो, तो म्हणायचा, "बटाटे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो. चाळीस वर्षांच्या नोकरीने माणसाला काय दिलं बघा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले, मग न्हाणीघरात जाऊन रडले.

पण खरी काळजी ती नव्हती. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला हात लावू देईना, चार घास खाल्ले की ओठ मिटायचा. हिवाळ्याच्या आत उठून बसला नाही तर पुढे बसणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी जेनीला स्पष्ट सांगितलं होतं. सप्टेंबर उजाडला. हरणांचा हंगाम सुरू व्हायला आठवडा राहिला आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा लेरॉयचं मचाण रिकामं राहणार होतं.

एके सकाळी जेनी माझ्याकडे आली. मी समोरच्याच घरात राहते. "बर्नी, मी परवाना काढलाय," ती म्हणाली.

"कसला? वेडेपणाचा?"

"मी बसणार त्याच्या मचाणावर. त्याच्या मचाणावरचं हरीण घरात आलं तर तो उठेल. मला ठाऊक आहे."

लग्नानंतर दोघं अंगणात नेम मारायचे. तिचं अडतीस पौंडांचं धनुष्य अजून होतं, आणि दोन महिने लेरॉयला उचलून तिचे दंडही तयार झाले होते. पण जनावरावर तिने कधी बाण सोडला नव्हता.

तिने तळघरातून लेरॉयचे सर्वांत चांगले बाण वर आणले. हलके, वेगवान, आणि त्यांना ती पाती, जी लागताक्षणी पंखांसारखी उघडतात. तीन वर्षांपूर्वीचा मोठा नर त्याने याच पात्यांनी घेतला होता. तिने ते जेवणाच्या तबकात स्वच्छ फडक्यावर मांडले आणि त्याच्या पलंगावर ठेवले. स्वतःचे केसही नीट विंचरले होते तिने.

"लेरॉय, बघ ना इकडे. मी जाऊ का तुझ्याऐवजी?"

त्याने मान वळवली. बाणांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने सगळं तबक जमिनीवर उडवलं. "बटाटे! बटाटे!" तो ओरडत होता.

जेनीने बाण गोळा केले. स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला टेकली. "त्याच्या जागी मी नकोय त्याला," ती म्हणाली. "बरोबर आहे. मी कोण?"

माझं डोकं फिरलं. मी तडक आत गेले. "लाज नाही वाटत? दोन महिने ती तुझं हगणं-मुतणं काढतेय, आणि तुला बाणांचा रुबाब सुचतोय? तिच्याहून बाण मोठे झाले तुला?"

त्याने माझं मनगट पकडलं. डाव्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. डोळे भरले होते. त्याने जमिनीकडे बोट केलं. पुन्हा केलं. तळघर.

मी खाली गेले आणि एकेक वस्तू वर आणली. त्याची टोपी. नाही. वजनाचा काटा. नाही. त्याचं धनुष्य. त्यावर असा काही चिडला की विचारू नका. "मग तूच जा की खाली!" मी म्हटलं. त्याने बोट छताकडे नेलं. तळघराचं छत. स्टूल घेऊन मी तुळईमागे हात घातला, तर तेल लावलेल्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं.

मी ते पलंगावर ठेवलं आणि जेनीला हाक मारली. कापडात सहा बाण होते. कांड्या आखूड, हातात घेतल्या तर जड. पिसं निळी, जेनीच्या आवडीची. पाती अरुंद, नुसती दुधारी, उघडमीट काही नाही, आणि धार अशी की कापड चिरलेलं. प्रत्येक कांडीवर काळ्या शाईत लिहिलं होतं, 'जेनी, ३८.' खाली गेल्या फेब्रुवारीची तारीख.

जेनी मटकन पलंगावर बसली. "नाताळात मी म्हणाले होते," ती म्हणाली. "भांडी घासताना. मलाही एकदा बसून बघायचंय म्हणाले होते. मी तर विसरूनही गेले."

मग ती हसायला लागली, डोळे पुसत. "मूर्ख मी. बर्नी, अडतीस पौंडांत ती पाती उघडण्यातच जोर संपला असता. बाण बरगडीला अडला असता आणि हरीण जखम घेऊन पळालं असतं. कांड्याही त्याच्या मापाच्या, ताठ. माझ्या धनुष्यातून वाकड्या गेल्या असत्या." तिने त्याचा हात हातात घेतला. "म्हणजे तू मला नको म्हणत नव्हतास, त्या बाणांना म्हणत होतास?"

"बटाटे," लेरॉय दमून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो चाकाच्या खुर्चीत बसला, कारण अंगण फक्त खिडकीतूनच दिसतं. जेनी गवताच्या गठ्ठ्यावर नेम धरायची आणि तो काचेवर बोटाने वाजवायचा. एक टकटक म्हणजे ठीक, दोन म्हणजे पुन्हा. सरावाची बोथट टोकं चालेनात त्याला, सहांतल्या दोन बाणांनी खऱ्या पात्यांनिशीच सराव करायला लावला. संध्याकाळी ती पातं धरायची आणि तो डाव्या हाताने त्यावर दगड फिरवायचा. व्यायामाची मुलगी म्हणाली, हा हात असा कधी सुधारला? मी म्हटलं, बाई गं, तू दगड आणायला हवा होतास.

हंगाम सुरू झाला. त्याने दोन बोटं दाखवली होती: वीस पावलं, त्यापुढे नाही. चार संध्याकाळी ती रिकाम्या हाताने परतली. एकदा तर मोठा नर तीस पावलांवर उभा होता, तिने धनुष्य उचललंही नाही. हे सांगितल्यावर लेरॉयने वाटीभर सूप संपवलं.

पाचव्या दिवशी सूर्य झाडांमागे जाताना मादी आली, चौदा पावलांवर, बाजू देऊन. बाण आरपार गेला आणि पलीकडे मातीत उभा राहिला. जेनी मचाणावर घड्याळ बघत अर्धा तास थांबली. लागलेल्या जनावराच्या मागे लगेच गेलं तर ते उठून पळतं. साठ पावलांवर ते जनावर शांत पडलं होतं. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला, एडमंडला मदतीला बोलावलं आणि बाण न धुता घरी आणला.

लेरॉय स्वयंपाकघराच्या टेबलाशी खुर्चीत होता, शर्ट बदलून, दाढी करून. मीच केली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं. जेनीने बाण त्याच्यापुढे ठेवला, शाळेत वही तपासायला ठेवावी तसा, आणि हात मागे बांधून उभी राहिली. त्याने तो दिव्याखाली धरला. केस चिमटीत घेऊन पाहिले. रक्तातले गुलाबी बुडबुडे अंगठ्याने पुसले, वास घेतला. मग छातीवर, फुप्फुसाच्या जागी, हात ठेवून त्याने डोळे मिटले.

जेनीने कलेजी कांद्याबरोबर तव्यावर टाकली. तिचे खांदे हलत होते, पण पाठ आमच्याकडे होती. लेरॉयने बाण फिरवला, नाव वर आणलं आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं. ओठ जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"बटाटे," त्याने हाक मारली. बेचाळीस वर्षांत त्याने तिला इतक्या मायेने हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

आणि तव्यापाशी उभ्या उभ्या माझ्या बहिणीने ओ दिली.