अर्धा गोल

भूमहून धाराशिवला निघालेल्या एसटीत एक मुलगी शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्यावर धुळीसाठी ओढणी. घरी बसून दवाखान्यांची मोबाईल ॲपं डिझाईन करते, म्हणाली. खड्डा आला की तिचा हात आधी लॅपटॉपवर जाई, मग दांडीवर.

मला बीपीची गोळी चालू आहे हे कळल्यावर तिनं लॅपटॉपवर ॲपातलं एक चित्र पुढं केलं. "काका, ही गोळी कशी घ्यायची, सांगा बरं."

"अर्धी."

"अर्धी कुठं लिहिलंय?"

"हा काय अर्धा गोल!"

"तो मावळता सूर्य हाय, काका. संध्याकाळी एक, असं." ती नख चावू लागली. "कालच दवाखान्याला दिलंय हे."

तिनं फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला.

"माझी चूक लॅपटॉपात राहत न्हाय, काका. माणसाच्या पोटात जाते."

स्टँडवर ती फोन कानाला लावूनच उतरली.

त्या संध्याकाळी मी गोळी मोडायला सुरी घेतली. मेडिकलवाल्यानं पाकिटावर पेनानं अर्धा गोल काढून दिला होता. वर्षभर त्यावरूनच मी अर्धी घेत आलो होतो. सुरी हातातच राहिली.