मार्कसच्या कुरणातली वाट

सबीना लायडनला राग सोडता येत नसे. आमच्या डोंगराकडच्या नऊ घरांत याला कुणी दोष म्हणत नाही, आणि मी तर मुळीच म्हणत नाही.

तिचा नवरा फेस्टी गेला तेव्हा शवपेटी आम्ही चौघांनी खांद्यावर घेतली होती. मार्कस हेनेगनच्या कुरणापलीकडेच दफनभूमी, लोक थडग्यांवर जायला पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच जात, पेटी मात्र तिथून अजून गेली नव्हती. पण त्या वसंतात मार्कसने दगडी बांधातलं खिंडार बुजवलं होतं, आणि आता तो स्वतःच बांधावर हात टेकून उभा होता.

"इथून नाही," तो म्हणाला. "एकदा प्रेत गेलं की वाट कायमची गावाची. उद्या माझ्या गवतातून गुरं न्याल."

हे आमच्याकडे सगळेच मानतात, म्हणून कुणी भांडलं नाही. टेकडीला वळसा घालून आम्ही चार मैल पावसात चाललो. सबीना रडली नाही.

"मार्कस, तुला मी याच बांधावरून नेईन," एवढंच म्हणाली. तो हसला.

सोळा वर्षं ती दर रविवारी फेस्टीच्या थडग्यावर चार मैल जाई, चार मैल येई. कंबर गेली, काठी आली. मी एकदा म्हटलं, "पुरे कर आता, सबीना."

"तुझी कंबर शाबूत आहे ना? मग तू कर माफ."

नोव्हेंबरात मार्कस मेला. त्याचे दोन मुलगे, मी आणि लोहार, असे चौघे शवपेटी घेऊन वळशाच्या रस्त्याने त्याच बांधापाशी आलो. रस्ता तिथे अरुंद. एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला दलदल. आणि मधोमध सबीनाची गाडी आडवी पडलेली. जळणासाठी दलदलीतून कापलेल्या मातीच्या ओल्या ढेपांचा ढीग रस्ताभर, एक चाक निखळलेलं, गाढव बाजूला निवांत चरतंय.

"बाई, आजच का हे?" थोरला मुलगा जार्लथ ओरडला.

"चाकाला कुठे कळतं रे, कोण चाललंय ते?"

ढीग उपसायला तास गेला असता. वाटेला लागलेली शवपेटी आमच्यात मागे वळवत नाहीत, खाली टेकवत नाहीत. आणि मार्कस काही उपाशी मेला नव्हता. आमचे खांदे भरून आले होते. मागून फादर घसा खाकरत होते.

"पाडा तो बांध," जार्लथ शेवटी म्हणाला. "आपलंच तर कुरण आहे."

बापाने रचलेले दगड मागून आलेल्या चुलतभावांनी उपसले. आम्ही आत शिरलो. कुरणाच्या मध्यावर धाकट्याच्या पायांची गती मंदावली. त्याने मान वळवून पाहिलं. पेटीमागे काठी टेकत सबीना, तिच्यामागे अख्खा गाव.

"जार्लथ," तो हळूच म्हणाला, "बाबा काय म्हणायचे आठवतं?"

जार्लथचा चेहरा पडला. पण वळता येत नव्हतं.

माती लोटून झाल्यावर जार्लथ तिच्यापुढे उभा राहिला. "तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," सबीना म्हणाली. एप्रनच्या खिशातून चाकाची खीळ काढून तिने फेस्टीच्या थडग्यावर ठेवली. मला मनापासून आनंद झाला, हे लपवत नाही.

रविवारी ती कुरणातून आली, सोबत गाय घेऊन. मध्यावर थांबून तिने दावं सैल सोडलं. गायीने पोटभर खाल्लं. जार्लथ दारात उभा राहून बघत होता.