एचडीएल अकरा!

“मॅडम, मशीन गेलं कामातून!” आमचा टेक्निशियन शेख आतून ओरडला.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रक्त तपासणारी डॉक्टर. वसमतला माझी लॅब आहे. स्क्रीनवर आकडा होता, एचडीएल अकरा. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. नसांमधली जादा चरबी उचलून लिव्हरकडे नेणारी घंटागाडीच समजा. पुरुषात ते चाळीसच्या खाली गेलं की कमी म्हणायचं. इथे तर अकरा!

कंट्रोल लावला, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं ते सॅम्पल. बराबर आलं. मशीन ठणठणीत! पोराचं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा अकरा. अहो, माझ्या अंगात वारंच शिरलं!

पोरगं म्हणजे आखाडा बाळापूरकडचा दत्ता, चोविशीतला. दंड असे की शर्टाची बाही उसवायला आलेली. सोबत बाप केरबा, मेंढरं-शेरडं राखणारा. दत्ताची सोयरीक जमत होती. मुलीच्या वडिलांची अट होती, आधी फुल बॉडी चेकअप, मग सुपारी.

मी विचारत सुटले. तंबाखू? न्हाई. बिडी, सिगारेट? न्हाई. शुगर नॉर्मल. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, तीही नॉर्मल. पोट सुटलेलं नाही, बसून खाणारा नाही. घरात कुणाला हार्टचा त्रास? “आमच्यात समदे नव्वदीचे,” केरबा म्हणाला. चांगलं कोलेस्टेरॉल घटवणारं एकेक कारण कटत चाललं, तसा मला चेवच चढला.

तेवढ्यात दत्ता पाणी प्यायला वळला. मानेवर, कॉलरच्या आत खांद्यापर्यंत पुरळच पुरळ. असे दंड अन् असं पुरळ, सापडलं! त्याला एकट्याला केबिनमध्ये घेतलं.

“कसली इंजेक्शनं घेऊन राहिलास?”

तो म्हणाला, “जिममधल्या भावानं देल्ली. ताकदीची हायेत म्हणला.”

“स्टेरॉइड आहेत ती, शहाण्या! दंड फुगतात अन् चांगलं कोलेस्टेरॉल धुऊन निघतं. या वयात अटॅक आणायचाय का?”

“मॅडम, तेवढं पंचेचाळीस लिहा ना. लग्न मोडंल माझं.”

“माझ्या सहीखाली खोटा आकडा? चल हट! इंजेक्शनं आजपासून बंद. उद्या फिजिशियनकडे जायचं. चार महिन्यांनी ये, मी फुकट तपासून देते.”

बाहेर जाऊन त्यानं बापाला स्वतःच सगळं सांगितलं. केरबानं डोक्यावरची टोपी काढली.

“बाजाराच्या आदल्या दिशी बोकडाला मीठ चारून पाणी पाजतेत. बोकड फुगतंय, गिऱ्हाईक फसतंय. म्या जल्मात तसं बोकड इकलं न्हाई. अन् तू काहून रे...”

अकराचा तो रिपोर्ट केरबानं स्वतः नेऊन मुलीच्या वडिलांपुढे ठेवला. ते म्हणाले, चार महिने थांबू.

चार महिन्यांनी दत्ता आला. दंड उतरलेले, बाही ढगळ. मी मशीनपुढे उभीच. एकेचाळीस! शेखनं मला टाळी दिली आणि दोघंही लेकरांसारखे ओरडलो.

दंड बाहेरून दिसतात, नसा दिसत नाहीत. त्यासाठी सुई टोचून घ्यावी लागते, पण लॅबमधली.

सुपारी फुटल्यावर केरबा पेढे घेऊन आला. व्याही काय म्हणाले, मी विचारलं.

“म्हणले, पोरगं लई वाळलं की हो. म्या म्हणलं, मीठ-पाणी उतरलं. आता खरं वजन हाय.”